दारात कोण आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे सक्तीचे केले. तेव्हापासून विज्ञान शिकवणाऱ्यांच्या मागे एक नवीच विचारणा लागली आहे. ‘कॅमेरा कोणता घ्यावा?’ असे शाळेत मुख्याध्यापक विचारतात आणि घरी शेजारी. अंगणात, फाटकावर, जिन्याच्या तोंडाशी आता असे कॅमेरे सर्रास दिसतात. दुकानदाराकडे उत्तरे तयारच असतात: इतके मेगापिक्सेल, रात्री तीस मीटरपर्यंत दिसणार, पावसात बिघडणार नाही. यातले काही खोटे असेलच असे नाही. पण प्रयोगशाळेत एखादे उपकरण घ्यायचे ठरले, की किमतीच्या आधी आम्हाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. मोजायचे काय आहे? घराबाहेर लावायच्या कॅमेऱ्याबाबत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गंमत अशी, की घरासाठी पहिला कॅमेरा ज्यांनी कल्पिला त्यांनी तो अगदी नेमका विचारला होता. म्हणून थोडे मागे जाऊ.

दाराला छिद्रे

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका नावाची वस्ती आहे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका तिथे राहत. त्यांचे पती आल्बर्ट हे इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा ठरलेल्या नसत. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि पोलिसांना बोलावले तर ते वेळेवर येतील याची खात्री नाही. घरात एकट्या असलेल्या बाईने रात्री दार वाजल्यावर काय करायचे? दार उघडल्याखेरीज बाहेर कोण आहे ते कळत नाही, आणि उघडल्यावर कळून उपयोग नसतो.

१ ऑगस्ट १९६६ रोजी ब्राउन दांपत्याने पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे ३४८२०३७ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यातली योजना अशी होती. दाराला एकाखाली एक अशी डोकावून पाहायची छिद्रे. उंच माणसासाठी वरचे, लहान मुलासाठी खालचे. दाराच्या आतल्या बाजूला दूरचित्रवाणीचा कॅमेरा, जो या छिद्रांसमोर वरखाली सरकेल. चित्र दिसणार झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर. बाहेरच्या माणसाशी बोलायला ध्वनिक्षेपक, तो ओळखीचा निघाला तर तिथूनच दाराचे कुलूप उघडायची सोय आणि नको असलेला निघाला तर धोक्याची सूचना देणारे बटण.

या रचनेतली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर आहे आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आहे. बाईंना अंगण पाहायचे नव्हते, रस्ता पाहायचा नव्हता. ‘दारात कोण आहे?’ एवढेच त्यांना हवे होते, आणि साऱ्या यंत्राची मापे त्या एका प्रश्नावरून ठरली होती.

त्याआधीच्या बंदिस्त दूरचित्रवाणीचा प्रश्न वेगळा होता. (चित्र आकाशात प्रक्षेपित न करता तारेने ठरावीक पडद्यापर्यंतच न्यायचे, म्हणून बंदिस्त.) १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वाल्टर ब्रुख या अभियंत्याने अशी व्यवस्था केली. तिथे ‘काय चालले आहे?’ एवढे कळले की पुरत होते. ‘काय चालले आहे’ आणि ‘कोण आहे’ या दोन प्रश्नांना लागणारा तपशील किती वेगळा असतो, ते आपण पुढे मोजणारच आहोत.

ब्राउन दांपत्याच्या काळात कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे व्हिडिकॉन नावाची निर्वात नळी. १९५० साली आरसीए कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती जगापुढे मांडली. तिच्या आधीच्या नळ्यांच्या मानाने ती लहान आणि साधी होती. तरी ती उघड्यावर लावायची म्हणजे कठीण काम. कमी उजेडात हलती वस्तू आपल्यामागे शेपूट सोडल्यासारखी दिसे, आणि ऊन थेट आत आले तर पडद्यावर कायमचा डाग पडे. किंमतही सामान्य घराला परवडणारी नव्हती. पेटंट मिळाले, वर्तमानपत्रात बातमी आली, पण घरोघरी ते यंत्र काही गेले नाही.

योगायोग पाहा. ब्राउनबाईंचे पेटंट मंजूर झाले त्याच्या दीडेक महिना आधी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. सिलिकनच्या तुकड्यावर प्रकाश पडला की विद्युतभार साठतो. हा भार बादल्या हातोहात पुढे द्याव्यात तसा एका खणातून दुसऱ्या खणात सरकवत बाहेर आणायचा आणि मोजायचा. नळी गेली, काचेच्या जागी नखाएवढी चकती आली. याच कामासाठी दोघांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९० च्या दशकात एरिक फॉसम यांनी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत आणखी स्वस्त आणि कमी वीज खाणारा सीमॉस संवेदक घडवला. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर जो आहे तो याच घराण्यातला.

कॅमेरा भिंतीवर चढतो

कॅमेरा लहान आणि स्वस्त झाला, तसा तो दार सोडून भिंतीवर चढला. एका कॅमेऱ्यात जेवढे अधिक मावेल तेवढे बरे, शिवाय उंचावर असला म्हणजे कोणी तोडणार नाही. विचार सोयीचा होता. मात्र मूळचा प्रश्न खालीच राहिला. उंचावरून सगळे दिसते, पण त्यात कोणी दिसत नाही.

याची सर्वांत दुःखद साक्ष ब्रिटनमधली आहे. १२ फेब्रुवारी १९९३ रोजी लिव्हरपूलजवळच्या बूटल येथील एका बाजारसंकुलातून दोन वर्षांच्या मुलाला पळवून नेण्यात आले आणि पुढे त्याचा खून झाला. संकुलातल्या कॅमेऱ्याने तो क्षण टिपला होता. लहानग्याचा हात धरून कोणीतरी चालले आहे, एवढे चित्रात दिसत होते. पण चित्र इतके पुसट, की त्यावरून वयाचाही अंदाज येईना. सुरुवातीच्या बातम्यांत ‘दोन तरुण’ असा उल्लेख होता. प्रत्यक्षात ती दहा दहा वर्षांची मुले निघाली. चित्र थोडे सुधारून राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवल्यावर एका बाईने त्यातल्या एका मुलाला ओळखले. ती त्याला आधीपासून ओळखत होती.

तेच पुसट चित्र देशभराच्या पोलिसांना काही सांगू शकले नाही, आणि त्या बाईला पुरेसे ठरले. हे कसे?

ग्लासगो विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात याचा प्रयोग झाला. बर्टन, विल्सन, कोवन आणि ब्रूस या संशोधकांनी १९९९ साली तो प्रसिद्ध केला. विभागाच्या इमारतीत येणाऱ्या प्राध्यापकांचे चित्रण साध्या सुरक्षा कॅमेऱ्याने केलेले होते. ते तीन गटांना दाखवले: त्या प्राध्यापकांकडे शिकणारे विद्यार्थी, त्यांना न ओळखणारे विद्यार्थी, आणि अनुभवी पोलीस. नंतर स्वच्छ छायाचित्रे दाखवून विचारले, की यातला कोण चित्रणात होता? ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांची उत्तरे जवळजवळ अचूक आली. बाकी दोन्ही गट चाचपडत राहिले, आणि पोलिसांना आपल्या अनुभवाचा काही फायदा झाला नाही. मग संशोधकांनी चित्रणातला एकेक भाग झाकून पाहिला. शरीर झाकले किंवा चाल लपवली तरी ओळखणाऱ्यांचे फारसे बिघडले नाही, चेहरा झाकला मात्र बिघडले. म्हणजे ‘चालण्यावरून ओळखला’ असे आपण म्हणतो तेव्हाही बहुधा चेहऱ्याचाच हात असतो.

कॅमेरा विकत घेणाऱ्याला या प्रयोगात फार मोठी सूचना आहे. नवा कॅमेरा लावला की आपण काय करतो? धाकट्या भावाला फाटकापाशी उभे करतो आणि पडद्यावर पाहून म्हणतो, ‘वा, स्पष्ट ओळखू येतोय!’ भाऊ अंधुक सावलीतही ओळखू येणारच. तो चोर नव्हे. ही कॅमेऱ्याची परीक्षा झाली नाही, आपल्या स्मरणशक्तीची झाली.

मोजपट्टी

दिसणे मोजता येते, हे प्रथम लष्कराने दाखवले. अमेरिकेतील फोर्ट बेल्व्होर येथे रात्री पाहण्याच्या यंत्रांवर काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली एक साधी, सुंदर युक्ती मांडली. रणगाडा, ट्रक, सैनिक यांच्या लहान प्रतिकृती यंत्रातून निरीक्षकांना दाखवायच्या. शेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे तक्ते ठेवायचे. प्रतिकृती जेमतेम कळू लागते तेव्हा तिच्या रुंदीत किती पट्ट्या वेगळ्या दिसू शकतात, ते मोजायचे. ‘काहीतरी आहे’ एवढे कळायला पट्ट्यांची साधारण एक जोडी पुरली. ‘रणगाडा आहे, ट्रक नव्हे’ हे कळायला चार जोड्या लागल्या. कोणत्या जातीचा रणगाडा, हे सांगायला सहाहून थोड्या अधिक. एका दृष्टीच्या तीन पायऱ्या झाल्या आणि प्रत्येकीला आकडा मिळाला. मला हा प्रयोग नेहमी शिकवण्यासारखा वाटतो, कारण त्यात महागडे काही नाही. पुठ्ठ्यावर पट्ट्या काढून वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावल्या तर मुलांच्या डोळ्यांचीही अशीच मोजणी होते.

ब्रिटिश गृहखात्याच्या पोलीस विज्ञान विभागाने ही पद्धत सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी वळवून घेतली. त्यांनी रोटाकिन नावाचा एक सपाट पुतळा केला, १.६ मीटर उंचीचा, माणसाच्या बाह्याकृतीचा, अंगावर बारीक होत जाणाऱ्या पट्ट्या असलेला. तो कॅमेऱ्यासमोर उभा करायचा आणि पडद्याच्या उंचीचा किती भाग तो व्यापतो ते पाहायचे. दहा टक्के व्यापला तर माणूस असल्याची चाहूल लागते. पन्नास टक्के व्यापला तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटवायची, तर सुरुवातीच्या नियमात तो एकशेवीस टक्के असावा लागे, म्हणजे पुतळा पडद्यात मावतच नसे. पुढे हा आकडा शंभरावर आला.

हा पुतळा मिनिटाला पंचवीस फेरे या गतीने चक्रासारखा फिरवतही असत. हिशेब करून पाहा: मध्यापासून डोके ०.८ मीटरवर, म्हणजे डोक्याचा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर. भराभर चालणाऱ्या माणसाहूनही थोडा जास्त. स्थिर पुतळा छान दिसतो आणि फिरू लागला की त्याच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात, असे कॅमेरे पुष्कळ होते. जाहिरातीतली चित्रे स्थिर असतात, हे ध्यानात ठेवावे.

पडदे बदलले, चित्र बिंदूंचे झाले, आणि टक्क्यांना अर्थ उरला नाही. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने मग त्याच पायऱ्या बिंदूंच्या भाषेत मांडल्या. वस्तूच्या जागी एक मीटर रुंदीत किती पिक्सेल येतात? चाहुलीला २५, कपड्यांची ढब वगैरे निरखायला ६२.५, ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. शेवटचा आकडा म्हणजे एका पिक्सेलला चार मिलिमीटर. १.६ मीटरला चार मिलिमीटरने भागा, ४०० येतात. जुन्या पडद्यावर प्रत्यक्षात पदरात पडणाऱ्या ओळी साधारण तेवढ्याच होत्या. रोटाकिनचा पुतळा असा नव्या आकड्यांतही उभा आहे.

आता दुकानातला कॅमेरा घेऊ. त्याचे चित्र आडवे १९२० पिक्सेलचे, भिंग ९० अंशांचे. नव्वद अंशांचा हिशेब तोंडी होतो: जितके अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी चित्रात येते. दहा मीटरवरच्या फाटकापाशी वीस मीटर रुंदी, म्हणजे मीटरला ९६ पिक्सेल. सदरा रेघांचा होता की साधा, हे कळेल. ओळखीचा माणूसही या मोजपट्टीने ओळखीत बसत नाही. अनोळखी चेहऱ्यासाठी २५० हवेत, तर चित्राची रुंदी ७.६८ मीटरहून जास्त चालणार नाही, म्हणजे माणूस ३.८४ मीटरच्या आत यायला हवा.

‘मग जास्त मेगापिक्सेलचा घेऊ.’ घ्या. दोनऐवजी आठ मेगापिक्सेलचा, म्हणजे चौपट. पण चौपट बिंदू आडवे-उभे वाटले जातात. आडवे झाले ३८४०, फक्त दुप्पट, आणि अंतर ७.६८ मीटर. चौपटीने दुपटीचेच काम झाले. शिवाय चकती तेवढीच ठेवून तिच्यावर चौपट खण पाडले, की प्रत्येक खणाला मिळणारा प्रकाश पाव होतो. रात्री हे जाणवते. त्याऐवजी जुन्याच दोन मेगापिक्सेलला ३० अंशांचे अरुंद भिंग लावले तर ओळख पटण्याचे अंतर १४ मीटरवर जाते. अंगण चित्रात येणार नाही, फाटक मात्र येईल. दोन्ही हवे असेल तर कॅमेरे दोन लावावे लागतात. यावर दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

उंचीचा हिशेब तर पाचवी-सहावीची मुले कागदावर काढू शकतात. कॅमेरा ४ मीटर उंच, माणूस भिंतीपासून २ मीटरवर, चेहरा दीड मीटर उंचीवर. कागदावर प्रमाणात आकृती काढून कोनमापक लावला की कॅमेरा ५१ अंश खाली पाहतो असे दिसते. टोपी आणि टाळू यांचे उत्तम चित्र मिळेल. कॅमेरा २.२ मीटरवर आणला की कोन १९ अंशांवर येतो आणि चेहरा दिसू लागतो. हाताला येईल ही भीती खरी, पण चोराला चेहऱ्याचे चित्र दिल्याखेरीज तिथवर पोचता येत नाही हेही खरे.

२०१३ च्या सुमारास दाराच्या घंटीतच कॅमेरा बसवलेली यंत्रे अमेरिकेत विकली जाऊ लागली. त्यातली एक कंपनी, रिंग, २०१८ साली ॲमेझॉनने विकत घेतली. छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर, बोलण्याची सोय असलेला कॅमेरा. ब्राउनबाईंची रचना जवळजवळ अर्ध्या शतकाने दाराशी परत आली. दुर्दैवाने १९९९ साली त्यांचे निधन झाले होते.

परीक्षा रात्रीची

दुकानात कॅमेरा दिव्यांच्या लखलखाटात पाहायला मिळतो. खरी परीक्षा रात्रीची.

सिलिकनला आपल्या डोळ्यांहून जास्त दिसते. सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त किरण त्याला कळतात. दिवसा याने रंग बिघडतात, म्हणून चकतीसमोर अवरक्त अडवणारी गाळणी असते. अंधार पडला की कॅमेऱ्यात बारीक ‘टक’ असा आवाज होतो, तो गाळणी बाजूला सरकल्याचा. मग ८५० नॅनोमीटरचे छोटे अवरक्त दिवे लागतात आणि चित्र काळेपांढरे होते. ९४० नॅनोमीटरचे दिवेही मिळतात. ते डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत, पण सिलिकनलाही कमीच दिसतात. वर्गात दाखवायचे तर दूरचित्रवाणीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. साध्या डोळ्यांना न दिसणारा दिवा पडद्यावर लुकलुकतो. काही फोनची गाळणी कडक असते, मग पुढच्या बाजूचा कॅमेरा वापरून पाहा.

अवरक्त उजेडात ओळखीच्या गोष्टी अनोळखी होतात. डोळ्यांना काळे दिसणारे कित्येक कृत्रिम धाग्यांचे कापड अवरक्त किरण परतवते आणि चित्रात फिकट दिसते. साक्षीदार म्हणतो काळा सदरा, चित्रात पांढरा, आणि दोघेही खरे. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, हा नियम आपण पाठ करवून घेतो. इथे तो डोळ्यांनी दिसतो. १२ मीटरवरच्या माणसावर ३ मीटरवरच्या माणसाच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच उजेड पडतो. लांबचा माणूस दिसावा म्हणून दिवे वाढवले तर जवळचा चेहरा पांढराफटक होतो. ‘रात्री तीस मीटर’ या आकड्याचा अर्थ बहुधा चाहुलीपुरता असतो.

शिवाय अंधारात पुरेसा प्रकाश गोळा करायला शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो. शटर १/२५ सेकंद उघडे असेल तर तेवढ्यात तो ५६ मिलिमीटर सरकला. ओळखीसाठी आपण एका पिक्सेलला चार मिलिमीटर ठरवले होते, म्हणजे चेहरा चौदा पिक्सेल फरफटला. मेगापिक्सेल कितीही असोत, ते सगळे या चौदांत विरघळतात. फाटकाजवळ एक साधा दिवा लावणे हा पुष्कळदा महागड्या कॅमेऱ्याहून चांगला उपाय असतो.

म्हणून घरच्या घरी करायची परीक्षा अशी करावी. कॅमेरा पक्का बसवण्याआधी शिडीवर तात्पुरता बांधावा. रात्री, घरचे दिवे नेहमीसारखे ठेवून, कुटुंबाच्या ओळखीच्या नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला नेहमीच्या चालीने फाटकातून दारापर्यंत यायला सांगावे. मग ते चित्रण अशा माणसाला दाखवावे ज्याने त्याला कधी पाहिलेले नाही, आणि सहा छायाचित्रांतून निवडायला सांगावे. थेट पडद्यावर न पाहता साठवलेले चित्रण पाहावे, कारण साठवताना चित्र दाबून लहान केलेले असते आणि बारकावे तिथेच गळतात. पावसाळ्यात ही परीक्षा पुन्हा करावी.

पावसाचे निघाले म्हणून सांगतो. खोक्यावरच्या ‘आयपी ६६’मधला पहिला सहा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याच्या चाचणीत साडेबारा मिलिमीटरच्या तोटीने मिनिटाला शंभर लिटरचा फवारा किमान तीन मिनिटे सर्व बाजूंनी मारतात. कोकणातला पाऊस असा येत नाही. तो चार महिने हवेत राहतो, आणि कॅमेरा सोडून तारेच्या जोडातून आत शिरतो. जोड डबीत बंद करावा आणि तार आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकते.

काही कॅमेरे शरीराच्या उष्णतेवरून माणसाची चाहूल घेतात. हा संवेदक दोन भागांचा असतो, एकाला जास्त उष्णता आणि दुसऱ्याला कमी मिळाली की तो इशारा देतो. त्यामुळे समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, नाकासमोर सरळ चालत येणारा उशिरा. चाचणीत दोन्ही प्रकारे चालून पाहावे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी तापलेली भिंत आणि माणसाची त्वचा यांच्या तापमानात फरकच उरत नाही, तेव्हा हा संवेदक आंधळा होतो.

एक चाचणी मात्र भिंगाची नाही, परवलीच्या शब्दाची आहे. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. तिच्याजवळ फार मोठे शस्त्र नव्हते. कारखान्यातून येतानाचे साठेक नाव-परवलीच्या जोड्या तिला पाठ होत्या, आणि लोकांनी त्या बदललेल्या नव्हत्या. त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला या उपकरणांनी मिळून अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. घराची राखण करायला ठेवलेला गडी रात्री दुसऱ्याच्या कामाला जात होता. भारत सरकारने २०२४ साली कॅमेऱ्यांच्या अशा सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आणि एप्रिल २०२५ पासून ती अमलात आली.

शेवटी एक खटला. चेक प्रजासत्ताकातल्या एका कुटुंबाच्या घराच्या खिडक्या काही वर्षे कोणीतरी अनेकदा फोडत होते. घरमालकाने ऑक्टोबर २००७ मध्ये छपराखाली कॅमेरा बसवला. तो वळत नव्हता, आवाज टिपत नव्हता, आणि जुने चित्रण पुसून त्यावर नवे करत होता. चित्रात घराचे दार, समोरचा सार्वजनिक रस्ता आणि पलीकडच्या घराचे दार येत होते. ६ ऑक्टोबरच्या रात्री गलोलीच्या माऱ्याने पुन्हा खिडकी फुटली, आणि या वेळी चित्रणावरून दोन संशयित सापडले. म्हणजे कॅमेऱ्याने आपले काम चोख केले. पण एका संशयिताने विचारले, की रस्त्यावर माझे चित्रण करण्याचा यांना अधिकार काय? प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. ११ डिसेंबर २०१४ रोजी निकाल आला: घरगुती वापराला कायद्यातून सूट आहे, पण ज्या कॅमेऱ्यात सार्वजनिक जागा येते त्याचा वापर निव्वळ घरगुती म्हणता येत नाही. त्याच वेळी, आपले घर आणि माणसे सांभाळण्याचे घरमालकाचे कारणही तोलताना धरावे, असे न्यायालयाने नोंदवले.

आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला सूट आहे. कॅमेरा शिडीवर बांधलेला असतानाच पडद्यावरच्या चित्राचा कागदावर ठसा घ्यावा, आणि त्यातला आपल्या कुंपणाबाहेरचा भाग मुलांकडून पेन्सिलीने रंगवून घ्यावा. समोरच्यांची खिडकी रंगली असेल तर कॅमेरा किती अंश खाली झुकवायचा, ते कोनमापकाने तिथल्या तिथे काढता येते.